पाणी दिसतंय का?

बॉयलरमामांना तुम्ही ओळखता. नाव वेगळं असेल, पण कानामागची अर्धी विडी आणि मालकापेक्षा वरचा आवाज तोच. जालना एमआयडीसीतल्या आमच्या सरकीच्या तेलाच्या कारखान्यात लाईट गेली की बाकीचे मोबाईलचा टॉर्च लावतात, मामा ओरडतात, "पाणी दिसतंय का?"

म्हणजे बॉयलरच्या काचेत. पण सवय अशी लागलेली, की मालकांच्या गाडीचा रेडिएटर असो, ऑफिसचा इन्व्हर्टर असो नाहीतर लग्नातली आमटी, प्रश्न हाच. उन्हाळ्यात नळाच्या वाटेकडे डोळे लावून बसणाऱ्या जालन्यात माणसाला "पाणी दिसतंय का?" विचारणं म्हणजे जखमेवर मीठच.

एकदा मी हिशेबाच्या टेबलावरून सल्ला दिला. "मामा, वर टाकीच बसवा ना. घाणेवाडीचं पाणी निजामाच्या काळापासून पंपाशिवाय शहरात उतरतं की." मामांनी ओल्या लाकडाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "१० किलो प्रेशरात पाणी घालायचं तर टाकी १०० मीटर वर लागंल. बांधता?"

मग इंजेक्टरचं पुराण. १८५८ साली आँरी जिफार नावाच्या फ्रेंच माणसानं काढलेली युक्ती: बॉयलरचीच वाफ बॉयलरात पाणी ढकलते, लाईट लागतच नाही. हे मालकांच्या कानी घालता घालता मामांची २० वर्षं गेली. मालकांनी जनरेटर घेतला. बॅटरी मात्र जुनीच लावली.

परवा रात्री लाईट गेली आणि नेमकी ती बसली. पंप बंद, पंखे बंद. पण भट्टीतल्या पांढऱ्या कोळशाला कोण सांगणार? तो जळतच राहतो, पाणी उकळून खाली जातं, नळ्या उघड्या पडतात. मामांनी राखेचं दार लावलं, डॅम्पर ओढला, पोरांना विस्तव बाहेर काढायला लावलं. धुरानं शेड भरली, सेफ्टी व्हॉल्व्ह किंचाळायला लागला. तेवढ्यात लाईट आली आणि नव्या पोरानं पंपाच्या बटणाकडे झेप घेतली. मामांनी त्याचं मनगटच धरलं.

"आधी सांग. पाणी दिसतंय का?"

लाल झालेल्या नळ्यांवर गार पाणी पडलं तर बॉयलर शेडसकट उडू शकतो. काच रिकामी असेल तर पंपाला हात लावायचा नाही, सगळं निवेपर्यंत. पोराला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. ते थरथरत उभं राहिलं.

टॉर्च मामांच्याच हातात होता. उजेड थेट काचेवर, नाक काचेला टेकायला आलेलं. न बघता त्यांनी खालचा कॉक उघडला, फुस्स करून काच रिकामी केली, कॉक बंद केला. पाणी झर्रकन परत वर आलं. मला मागून स्वच्छ दिसलं.

"सांग ना रे," मामा म्हणाले. या वेळी आवाज चढलेला नव्हता.

४० वर्षं भट्टीचं दार उघडून आत बघितलेले डोळे टॉर्चच्या उजेडात दुधाळ दिसत होते. दोन्ही.

"दिसतंय, मामा," मी म्हणालो. "दोन बोटं."

"मग लावा पंप."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टपरीवर चहा पाजला, स्वतःच्या पैशानं, पहिल्यांदाच. मी हळूच ऑपरेशनचा विषय काढला. म्हणाले, "यंदाचं इन्स्पेक्शन होऊ द्या, मग बघू." मागच्या वर्षी मालकांकडे रजा मागताना हेच म्हणाले होते. अर्ज माझ्याच फाईलला आहे.