गडावरचे तरुकवी

वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावाला एक तरी तरुकवी असतोच. अकोटच्या वाट्याला नरनाळा किल्ला आलाय आणि परतवाड्याच्या वाट्याला गाविलगड, त्यामुळे तिकडच्यांना काम जरा जास्त. वय साठीपुढचं, नोकरी मराठीच्या शिक्षकाची आणि ती संपलेली. काखेत पतसंस्थेची डायरी. सगळे त्यांना 'सर' म्हणतात, बायकोसुद्धा.

मराठी भाषा गौरव दिनाच्या, म्हणजे २७ फेब्रुवारीच्या आगेमागे वाचनालयाची वारसा फेरी निघते. शहानूरच्या फाटकावर वनखात्याची पावती फाडायची, गाइड म्हणून तिथलाच एक पोरगा घ्यायचा आणि नरनाळ्यावर पायी फिरायचं, एवढा साधा बेत. सर त्याला 'वृक्षकाव्यदिंडी' म्हणतात आणि दर झाडाला एक कविता ठेवतात. गड मेळघाट व्याघ्रप्रकल्पात येतो, तेव्हा झाडं किती हे त्या प्रकल्पालाच विचारावं. १९७३-७४ साली देशातले पहिले नऊ प्रकल्प झाले, त्यात तो होता. वाघ अजून सरांच्या वाटेला गेलेला नाही.

महाकाली दरवाजा हे गडाचं खरं भूषण. दगडात कोरलेली कमळं, झरोके आणि १४८७ सालचा शिलालेख, पुढे इमादशाही स्थापणाऱ्या फतेहउल्ला इमादुल्मुल्कच्या काळातला. मंडळी तो पाहायला माना वर करतात न करतात, तोच सर दरवाजाकडे पाठ करून समोरच्या पळसाकडे वळतात. पळस तेव्हा ऐन भरात असतो. सरांच्या कवितेतही तो पेटतो, दरवर्षी त्याच कडव्यात. पळसाला पानं तीनच म्हणतात. सरांच्या कवितेलाही तीनच. आई, पाऊस आणि विरह. सागावर लिहिली तरी हीच, मोहावर लिहिली तरी हीच. मोहाच्या कवितेत नशाही येते, मात्र सर चहासुद्धा बिनसाखरेचा घेतात.

खरी मजा पुढे आहे. वाटेत एक पांढरंफटक, पान नसलेलं झाड लागतं. सर थबकतात, टोपी काढतात. आवाज घोगरा करून "हे वठलेल्या वृक्षा..." अशी हाक घालतात. मंडळीही माना खाली घालतात. दोन कडवी होतात, तिसऱ्याला गाइडला राहवत नाही.

"सर, ते मेलेलं नाही जी. कढई हाये ते. हिवाळ्यात पानं टाकते अन् आता फुलावर हाये, वर पाहा ना."

सगळे वर पाहतात. खरंच फुलं असतात.

"बाबू," सर डायरी मिटत म्हणतात, "कवीला जे वठलेलं दिसते ते वठलेलंच असते."

गंमत अशी की त्या झाडाला मेळघाटात भुत्या म्हणतात. चांदण्या रात्री त्याचं पांढरं खोड पाहून भल्याभल्यांची बोबडी वळते. एवढी आयती कविता हाताशी असून सर रडगाणं गात बसले.

धावड्यापाशी मात्र सरांचा टिकाव लागत नाही. पहिली ओळ होते न होते तोच मागून एका काकूंचा आवाज येतो.

"सर, लाडवातला डिंक याचाच नं?"

"हाव काकू," गाइड म्हणतो.

मग डिंक कधी निघतो, अकोटात काय भाव पडतो, बाळंतिणीला किती द्यायचा, हे सगळं होतं. पाच मिनिटं धावड्याला जेवढे श्रोते मिळतात तेवढे सरांना उभ्या जन्मात मिळालेले नाहीत. ते एकटेच बाजूला उभे राहून डायरीची पानं उलटतात. त्या वेळी त्यांची थोडी दया येते, पण टिकत नाही, कारण ते लगेच सांगू लागतात की सुरेश भट १९३२ साली अमरावतीत जन्मले, तेव्हा कविता इकडच्या पाण्यातच आहे. पाणी तर सगळा वऱ्हाड पितो, हे त्यांना कोण सांगणार?

एक गोष्ट सरांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. एकदा शक्कर तलावाच्या वाटेवर कॉलेजचा एक पोरगा सागाच्या खोडावर चाकूने आपलं आणि आणखी कोणाचं तरी नाव कोरू लागला. गाइड पावतीबुक काढणार, तोच सरांनी त्याचं मनगट धरलं आणि 'सागाचे मनोगत' ही अख्खी कविता ऐकवली. उन्हात, उभ्याने. पोरगा सुटल्यावर पाणी प्यायलाही थांबला नाही.

"दंडापेक्षा हे भारी हाये," गाइड म्हणाला. त्यानंतर त्या फेरीत कोणी खिशातून चाकू काढला नाही.

नरनाळ्याला जरूर जा. पळसासाठी फेब्रुवारी-मार्च गाठा, पाणी भरपूर न्या आणि गाइड घ्याच, झाडांची नावं त्यालाच ठाऊक असतात. मात्र सरांच्या गाडीत बसू नका. कविता पोपटखेडपासूनच सुरू होते.