भिंतीचं साल

नवं घर बघायला काही माणसं खोल्या मोजायला जातात, काही पोह्यांसाठी जातात. आमच्या मजल्यावरचे आप्पा जातात ते साल ओळखायला. चपला काढून हॉलच्या मधोमध उभे राहतात, चष्म्यावरून भिंतीकडे एकदा बघतात आणि यजमान पाणी घेऊन बाहेर येईपर्यंत माझ्या कानात सांगतात, "२००७."

सहसा चुकत नाहीत. अख्ख्या भिंतीवर स्वित्झर्लंडचं तळं किंवा पानगळीचं जंगल असेल तर ऐंशीचं दशक. पिस्ता रंगाचा ऑइलपेंट असेल तर नव्वद. तीन भिंती क्रीम आणि चौथी मरून, त्या मरूनवर टेकलं तर कोपर सोलवटेल असं टेक्श्चर, हे त्यांचं २००७. टीव्हीमागे चंदेरी वेलबुट्टी असेल तर पाच-सहा वर्षं पुढे या. मग खोट्या विटा आल्या, मग केळीची पानं, मग सगळंच राखाडी, आणि आता जिकडेतिकडे उभ्या पट्ट्यांचे लुव्हर. "हे कालचं आहे," आप्पा म्हणतात, "पण उद्या बघा."

'उद्या बघा' हा त्यांचा धंदाच होता. सगळी नोकरी आयुर्विमा महामंडळात गेली. समोरच्या तरुण जोडप्याला चहा पिता पिता "ते सगळं ठीक, पण वीस वर्षांनी काय?" असं विचारायचं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं की फॉर्म पुढे करायचा. निवृत्त झाले, फॉर्म संपले, प्रश्न राहिला. तो आता ते चपलेला, पडद्याला, नळाच्या तोटीला विचारतात. मुलाच्या बारशालाही विचारला होता म्हणे. काकूंना सचिन ठेवायचं होतं. आप्पा म्हणाले, "दर चौथं पोर सचिन आहे. वीस वर्षांनी नावावरून वय कळेल." म्हणून मुलाचं नाव अनंत.

स्वतः आप्पा मात्र कुठल्याच सालात सापडत नाहीत. ८५ च्या महाबळेश्वरच्या फोटोत पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, अनंताच्या लग्नात तोच, परवाच्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही तोच. फरक फक्त कपाळाच्या क्षेत्रफळात पडत गेला. एकच फोटो याला अपवाद आहे, बेलबॉटमचा. तो अल्बममध्ये दुसऱ्या फोटोच्या मागे सरकवलेला आहे आणि काकू तो प्रत्येक पाहुण्याला काढून दाखवतात.

तर अशा माणसाने जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीला वॉलपेपर लावायचं ठरवलं. ठरवलं अनंताने; परदेशी परत जाताना पैसे ठेवून गेला. आप्पांनी एकच अट घातली. "साल दिसायला नको."

पुण्याच्या टिंबर मार्केटकडे एका दुकानात आम्ही गेलो. (मला का नेलं, असं विचारू नका. रिक्षात कॅटलॉग मांडीवर धरायला माणूस लागतो. एकेकाचं वजन दळणाच्या डब्याइतकं असतं.) दुकानदार अनुभवी होता. त्याने पहिलंच पान उघडलं आणि उत्साहाने म्हणाला, "साहेब, हा सध्या खूप चालतोय."

"मग नको," आप्पा म्हणाले.

त्याने दुसरा काढला. "हा एकदम नवीन, याच महिन्यात आलाय."

"मग तर नकोच."

तिसऱ्याला दुकानदाराने काहीच सांगितलं नाही, नुसतं पान उलटलं. तेव्हा आप्पा त्याच्याकडे पहिल्यांदा कौतुकाने बघून म्हणाले, "आता तुम्ही समजलात."

दोन कॅटलॉग घरी आले. तुकडे कापून चिकटपट्टीने भिंतीवर लागले. मग सुरू झालं निरीक्षण. सकाळच्या उन्हात, ट्यूबलाइटमध्ये, पिवळ्या दिव्यात, एकदा तर वीज गेली असताना मेणबत्ती धरून. दूधवाला, कुरिअरवाला, गॅस सिलिंडर आणणारा, कोणीही दारात आला की आप्पा त्याला आत घेत आणि विचारत, "पटकन सांगा, यातला जुना कुठला वाटतो?" सिलिंडरवाल्याने खांद्यावरचं ओझं न उतरवता केळीच्या पानाकडे बोट केलं. आप्पांनी तो तुकडा त्याच्यासमोरच काढला.

मध्यंतरी त्यांची भाची आली. ती इंटिरिअरचं काम करते. तिने विल्यम मॉरिसचं 'विलो बाउ' दाखवलं, नुसत्या हिरव्या पानांच्या डहाळ्या. डिझाइन १८८७ सालचं आणि अजून छापलं जातंय. आप्पा ताठ बसले. "१८८७! म्हणजे आपल्या व्हीटीच्या बरोबरीचं. व्हीटी कधी जुन्या फॅशनची वाटली का कुणाला?" दोन दिवस घरात मॉरिसशिवाय विषय नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी कुठेतरी वाचलं की त्या काळात इंग्लंडमध्ये हिरव्या वॉलपेपरच्या रंगात सोमल असायचा, मॉरिसच्या सुरुवातीच्या कागदांतही होता, आणि हे गृहस्थ ज्या खाणीचे काही काळ डायरेक्टर होते तिथूनच ढिगाने सोमल निघायचा. भाचीने परोपरीने समजावलं की आप्पा, आताच्या रंगांत तसलं काही नसतं. पण आतला विमावाला जागा झाला होता. "भिंत वीस वर्षं टिकेल गं, माणसांचं काय?"

मॉरिस गेला, पण वाचनाची गोडी राहिली. एका रात्री साडेदहाला त्यांनी आमची बेल वाजवली. व्हाइट हाउसच्या एका दालनात फ्रान्सच्या झुबेर कारखान्याचा वॉलपेपर आहे, डिझाइन १८३४ चं. मेरीलँडमधल्या एका पाडायच्या घरातून सोडवून आणलेला, आणि केनेडीबाईंनी तो १९६१ साली लावून घेतला, ही बातमी सकाळपर्यंत थांबू शकत नव्हती. "लावला तेव्हाच १२७ वर्षांचा! कळलं का? आधीच जुना लावला की जुना होण्याची भीतीच नाही." त्यांचा चेहरा इतका उजळला होता की झोप मोडल्याचा राग मला नीट धरताच आला नाही. लगेच मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आला, तिथल्या भिंतींवरची चित्रं आली. "नानांनी कॅटलॉग बघितला होता का?" असं विचारून आप्पा निघून गेले. दार लावल्यावर माझ्या लक्षात आलं की याचं उत्तर त्यांच्याविरुद्धच जातं.

शेवटी काय उरलं? वेलबुट्टी गेली, पानं गेली, विटा गेल्या, भूमितीच्या आकृत्या "शाळेची वही" म्हणून गेल्या, सोनेरी "लग्नाचा हॉल" म्हणून गेली. राहिला एक बिस्किटी रंगाचा, तागाच्या कापडासारखी बारीक वीण असलेला. त्याच्याकडे बघून कुणालाच काही वाटत नव्हतं. आप्पांच्या दृष्टीने हाच त्याचा गुण.

मग हिशोब. भिंत बारा फूट बाय साडेनऊ, म्हणजे ११४ स्क्वेअर फूट. रोल ५७ चा. दुकानदार म्हणाला, दोन रोल. आप्पांनी पेन्सिल काढली. रोल २१ इंच रुंद, ३३ फूट लांब. साडेनऊ फुटांच्या पट्ट्या तीनच निघतात, उरलेला तुकडा वाया. बारा फुटांना पट्ट्या लागतात सात. म्हणजे रोल तीन. दुकानदाराने मान डोलावली, आणि तेवढ्यात आप्पांनी चार मागवले. एक भविष्यासाठी. पुढेमागे एखादी पट्टी फाटली तर त्याच बॅचचा कागद मिळत नाही आणि रंगात फरक पडतो. तो चौथा रोल आता माळ्यावर आहे, पावतीसकट, प्लास्टिकमध्ये, वर तारीख घालून.

लावायला आलेला मुलगा विशीतला होता. भिंतीवर हात फिरवून म्हणाला, "काका, ही पश्चिमेची आहे ना? पावसाळ्यात ओल धरते. पाच-सात वर्षं जाईल, मग कडेने सुटायला लागेल."

खोलीत शांतता. एवढे महिने ज्या प्रश्नावर घर जागं होतं, त्या प्रश्नाची वेळच येणार नव्हती. मला वाटलं आप्पा खचले. पण ते म्हणाले, "मग प्रायमरचे दोन हात दे," आणि स्टूल धरायला पुढे झाले.

संध्याकाळी काम संपलं. जोड कुठे आहेत ते शोधून सापडेनात. आप्पांनी त्या मुलाला भिंतीसमोर उभं केलं. "खरं सांग, कुठल्या सालातलं वाटतं?"

त्याने मान तिरकी करून बघितलं. "साल नाही सांगता येत काका. लॉज वाटतो. चांगला, एसीवाला."

आप्पांना हे प्रमाणपत्र वाटलं. पेढा दिला त्याला.

चार दिवस ती भिंत तशीच कोरी राहिली. पाचव्या दिवशी मी गेलो तर काकू हातोडी घेऊन स्टुलावर उभ्या होत्या आणि आप्पा खालून हात जोडून काहीतरी विनवत होते. काकूंच्या काखेत कालनिर्णय होतं. त्यावर ठळक लाल आकड्यांत चालू साल.

"फ्रीजच्या बाजूला लाव ना," आप्पा म्हणाले.

"आणि दुधाचा हिशोब फ्रीजमागे डोकं घालून लिहू? बाईचे खाडे कुठे मांडू? वर्षानुवर्षं इथे होतं, इथेच राहील."

"अगं, पण त्याच्यावर साल आहे!"

काकूंनी वरून बघितलं. "तुम्हाला जुनं न होणारं हवं होतं ना? हे १९७३ पासून निघतंय. आहे तसंच आहे."

आप्पांनी थोडा वेळ भिंतीकडे बघितलं, थोडा वेळ कॅलेंडरकडे. मग खिशातून पेन्सिल काढली आणि खिळा दोन पट्ट्यांच्या जोडावर येणार नाही अशा जागी एक बारीकशी फुली करून दिली.