वीतभर दृष्टीचा जमाखर्च

ज्या गोष्टीवाचून माणसाचे आजवर काही अडलेले नसते, तिचे फायदे त्याला पटवून देण्यास सारे जग कंबर कसून उभे असते; आणि जी गोष्ट करावयाचे त्याने मनाशी पक्के केलेले असते, तिच्यातील धोके सांगणारांची त्याच्या दारी रीघ लागते. लेसर किरणांनी डोळ्यांचा नंबर घालविण्याचा विषय साताऱ्यास आमच्या घरी निघाला, तेव्हा या उभय पक्षांचे वकील एकाच दिवाणावर बसून चहा पीत होते आणि कुणाच्याशा साडूच्या मुलीचा एकच दाखला दोन्ही बाजूंनी हिरिरीने लढवीत होते. एकाच्या मते ती आता तिन्हीसांजेला दिव्यावाचून सुईत दोरा ओवीत होती. दुसऱ्याच्या मते समोरून येणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या दिव्याभोवती तिला देवाच्या मूर्तीमागची प्रभावळ दिसत होती.

वादातील पक्षकार दोन: मी आणि माझी तेवीस वर्षांची कन्या. दोघांचाही नंबर उणे साडेचार. वाडवडिलांची जमीन कुळकायद्यात गेली, वाडा भाऊबंदकीत गेला, आणि दाव्यावाचून, हरकतीवाचून पुढच्या पिढीच्या नावावर चढले ते एवढेच वतन. पण कन्येला त्याचा भोगवटा नको होता. सुट्टी लागली की ती गडकिल्ल्यांच्या वाटेला लागते, आणि पावसाळ्यात कासच्या पठारावर बाहेरून धुके व आतून तिचाच श्वास असे दोघे मिळून चष्म्याच्या काचा पांढऱ्या करीत असल्यामुळे, मैत्रिणींनी प्रत्यक्ष पाहिलेला निसर्ग तिला घरी येऊन छायाचित्रांत पाहावा लागतो. माझी स्वतःची काही तक्रार नव्हती. परंतु दोघांची तपासणी एकदम करविल्यास शुल्कात सवलत मिळते, हे कळताच आमच्या कुटुंबाने माझेही नाव नोंदवून टाकले.

ज्या हत्याराच्या स्वाधीन आपला डोळा करावयाचा, त्याचे कूळ आधी विचारून घ्यावे, म्हणून मी थोडे वाचन केले. विसाव्या शतकाच्या मध्यास कोलंबियातील बोगोटा शहरी होसे बाराकेर नामक नेत्रवैद्याने रोग्याच्या पारपटलाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, चकती कापून काढावी, ती गोठवून कातावर कातावी आणि पुन्हा जागच्या जागी शिवावी, असा उद्योग आरंभिला होता. पुढे 1981 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कजवळील आयबीएमच्या प्रयोगशाळेत, मूळच्या मद्रासच्या रंगस्वामी श्रीनिवासन यांनी अमेरिकेतील आभारदिनाच्या मेजवानीतली उरलीसुरली टर्की कामावर आणली आणि 193 नॅनोमीटर तरंगलांबीचे अदृश्य किरण तिच्या कूर्चेवर सोडले. तो आजूबाजूचा भाग जराही न करपता, नखाने कोरल्यागत नेटकी खाच पडली. हाच एक्सायमर लेसर पुढे मनुष्याच्या डोळ्यापर्यंत पोहोचला. हा इतिहास मी मोठ्या अभिमानाने मातोश्रींना निवेदन केला, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, “म्हणजे खरकट्यावर केलेला प्रयोग, तो सगळ्याला आधार होय रे?” या प्रश्नाला उत्तर असे काही नव्हते.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी आधी कन्येच्या अधूनमधूनच्या काँटॅक्ट लेन्स पंधरवडाभर बंद करविल्या, मग आम्हां दोघांच्या बुबुळांचे नकाशे काढले, आणि मग कागदावर हिशेब मांडला, तो मात्र मला मनापासून आवडला. पारपटलाची जाडी सुमारे 540 मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यातून कापून उचलायच्या वरच्या पापुद्र्याचे 110 वजा. दर नंबरामागे सुमारे 14 प्रमाणे साडेचार नंबरांचे 63 वजा. बाकी शिल्लक 367. ही शिल्लक 250 च्या खाली जाता कामा नये, नाहीतर पारपटल आतल्या दाबाने पुढे फुगू लागते. आणि ज्याचे ते मुळातच शंकूसारखे निमुळते होऊ पाहत आहे, त्याचा अर्ज पहिल्याच टेबलावर नामंजूर होतो. नंबर वर्षभर स्थिर हवा, ही आणखी एक अट. कन्या सर्व अटींत बसली. मीही बसलो, आणि तेवढ्यानेच माझ्या पोटात गोळा आला.

मग आशेने मी विम्याचे कागद उघडले. त्यात स्पष्ट कलम होते की, साडेसातपेक्षा कमी नंबर घालविण्याचा खर्च देय नाही. ज्या दोषापायी मला लहानपणापासून “ढापण्या” म्हणून हाक मारली गेली, तो सरकारमान्य दोष ठरण्यास अद्याप तीन नंबर कमी पडत होते.

माझा खरा निवाडा डॉक्टरीणबाईंनी केला. त्यांच्याही नाकावर चष्मा होता, आणि लेसर इतका गुणकारी असेल तर हा चष्मा कशाला, हा प्रत्येक रोग्याच्या ओठांवर येणारा प्रश्न मी केलाच. “काका,” त्या म्हणाल्या, “हा जवळचा आहे. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठरतं, ते लेसरनं लवचीक होत नाही. तुम्ही काम काय करता?” मी म्हणालो, मोडी कागद वाचतो. खरेदीखते, गहाणखते, वतनाच्या कैफियती; कारकुनाने बोरू न उचलता एका दमात लिहिलेल्या, कसरीने खाल्लेल्या. “आणि ते वाचताना चष्मा?” “काढून ठेवतो.” त्या हसल्या. उणे साडेचाराच्या डोळ्याला चष्म्यावाचून स्वच्छ दिसण्याची हद्द सुमारे 22 सेंटिमीटर, म्हणजे बरोबर एक वीत. आणि मोडी कागद मी नाकापासून धरतो तो वीतभरच. माझ्या वयाचे लोक चाळीशी लावून जे कष्टाने वाचतात, ते मला निसर्गाने इनाम दिले होते. लेसर झाल्यावर मला अजिंक्यताऱ्यावरचा दूरदर्शनचा मनोरा रेखीव दिसला असता, आणि पोटाचा धंदा असलेला कागद धूसर झाला असता. दूरचे कर्ज फेडण्यासाठी जवळची मिळकत गहाण टाकण्याचा तो व्यवहार होता, आणि असे व्यवहार करणाऱ्या घराण्यांचे पुढे काय झाले, ते मी रोज वीतभर अंतरावरून वाचतो. एक डोळा दूरसाठी व दुसरा जवळसाठी करण्याची तोडही त्यांनी सुचविली. पण एका डोळ्याने मुलूख व दुसऱ्याने दप्तर पाहणाऱ्या नवऱ्याबरोबर चारचौघांत हिंडण्यास आमच्या कुटुंबाने साफ नकार दिला.

तेव्हा किरण तोच, नंबर तोच, डॉक्टर त्याच. पण एकाच व्यवहाराची बाकी कन्येच्या खाती जमा निघाली आणि माझ्या खाती नावे. शस्त्रक्रिया चांगली की वाईट, हा प्रश्नच मुळी गैरलागू आहे. ती कोणत्या वयाच्या, कोणत्या धंद्याच्या डोळ्यावर, एवढाच प्रश्न खरा. दिवाणावरच्या वकिलांना हे सांगून पाहिले. त्यांनी आणखी चहा मागितला.

कन्येचे संमतिपत्र मी सवयीने शब्दन् शब्द वाचले. डोळे कोरडे पडणे, रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे, थोडा नंबर शिल्लक राहणे, धक्क्याने पापुद्रा सरकणे, क्वचित जंतुसंसर्ग. आणि शेवटी, हे सर्व मला समजले असून मी राजीखुशीने सही करीत आहे. मी तीन शंका काढल्या. तिने त्यांचा खुलासा होण्यापूर्वीच सही ठोकली. पुढचे मला तिने सांगितले: थेंबांनी डोळा बधिर, पापण्या चिमट्याने उघड्या, मग बुबुळावर कडे दाबताच क्षणभर मिट्ट काळोख, त्यानंतर हिरव्या दिव्याकडे पाहत राहणे, कटकट असा आवाज, आणि केस जळल्यासारखा वास. किरणाचे काम मिनिटाच्या आत उरकले. बाहेर बसलेल्या मला मात्र तेवढ्यात भिंतीवरच्या “शांतता राखा” या पाटीवरील प्रत्येक अक्षराची वळणे पाठ झाली.

घरी आल्यावर डोळ्यांवर जाळीदार प्लॅस्टिकची झाकणे, घड्याळ लावून थेंब, डोक्यावरून पाणी नाही, डोळे चोळायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीशी उभी राहिली, अजिंक्यताऱ्यावरचा मनोरा नीट पाहून घेतला, आणि वळून स्वतःच्या खोलीकडे पाहत म्हणाली, “आई, वरती केवढी जळमटं आहेत ग!” लेसरच्या फायद्यांच्या कोणत्याही यादीत हा फायदा मला आढळला नव्हता, पण घरात त्याचीच किंमत सर्वांत अधिक झाली.

निघताना डॉक्टरीणबाईंनी एक ताकीद दिली होती: शस्त्रक्रियेपूर्वीची मोजमापे जपून ठेवा, पुढे मोतीबिंदू काढताना बसवायच्या भिंगाचा हिशेब करण्यास ती लागतील. कन्येने लगेच मोबाईलवर त्यांचे फोटो घेतले व विषय संपविला. पण नक्कल ती नक्कल. अस्सल कागद मी लाल रुमालात बांधले, वर बोरूने नाव व तारीख घातली, आणि सरकारी दप्तराच्या वर्गवारीशी थोडा अडलो. ‘ब’ वर्गाची मुदत 30 वर्षे. ती संपेल तेव्हा कन्या त्रेपन्न वर्षांची असेल, आणि आमच्या घराण्यात इतक्या लवकर मोतीबिंदू कोणी केल्याची नोंद नाही. सबब सदर प्रकरण ‘अ’ वर्गात, कायम जतन.