काय उजेड पाडला!

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. "मामा, आम्ही पाच जण शनिवारी किन्हवलीला येतोय. यीस्टबद्दल लोकांचं मत घ्यायचंय."

किन्हवलीत लोकांचं मत दर पाच वर्षांनी घेतात. मी विचारलं, "यीस्ट कुठल्या पक्षाकडून उभं आहे?" भाची हसली नाही. ती मुंबईच्या एका कॉलेजात बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्या वर्षाला हसत नाहीत.

मग तिने जे सांगितलं त्यातलं मला कळलं तेवढं सांगतो. आयजेम नावाची एक स्पर्धा आहे. २००४ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये पाच संघांनिशी ती सुरू झाली; आता जगभरातून शेकड्यांनी संघ उतरतात. आपल्याकडून पुण्याच्या आयसरची, माटुंग्याच्या आयसीटीची पोरंही उतरलेली आहेत. २०२२ पासून अंतिम मेळा पॅरिसला भरतो. खेळ असा, की जनुकांचे तुकडे लेगोच्या विटांसारखे एकमेकांना जोडायचे आणि एखाद्या बारक्या जीवाकडून त्याच्या बापजाद्यांनी कधी केलं नाही ते काम करून घ्यायचं. पहिल्या नंबरला जे बक्षीस मिळतं तेही विटेच्याच आकाराचं. पण नुसतं प्रयोगशाळेत घाम गाळून भागत नाही. हे सगळं ज्यांच्यासाठी चाललंय त्यांना विचारलंत का, यालाही परीक्षक मार्क देतात. म्हणून किन्हवली.

हे ऐकून मी जरा वेळ गप्पच बसलो. आमच्या शहापूर तालुक्यात तानसा आहे, वैतरणा आहे, भातसा आहे. तानसाचं धरण १८९२ सालचं. तिन्हींचं पाणी मुंबईला जातं आणि मे महिन्यात आमच्या तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. ही धरणं बांधताना "काका, तुमचं मत काय?" असं विचारायला कुणी फॉर्म घेऊन आल्याचं माझ्या आजोबांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. आणि आता डोळ्यांना न दिसणाऱ्या एका बुरशीसाठी पाच पोरं सतरा प्रश्न घेऊन येणार होती. म्हटलं, या. जेवायलाच या.

पोरांचा बेत तसा चांगला होता. विहिरीच्या पाण्यात कीटकनाशकाचा अंश असेल तर ते ओळखून हिरवं चमकणारं यीस्ट तयार करायचं. चमकण्याचं जनुक जेलीफिशचं, म्हणजे समुद्रातल्या त्या लिबलिबीत छत्रीचं. त्या हिरव्या प्रथिनावर काम करणाऱ्या तिघांना २००८ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एवढं मी नीट ऐकून घेतलं होतं. पण एस.टी. स्टँडवर चहा पिताना मी ते थोडक्यात सांगितलं: "भाचीने उजेड देणारं यीस्ट केलंय." थोडक्यात सांगण्याची खोड मला नडली. शुक्रवारपर्यंत बातमी अशी फिरली की मुंबईची पोरं वीजबिल न येणारे दिवे घेऊन येतायत, आणि आधी येईल त्याला आधी मिळेल.

शनिवारी पोरं कसारा लोकलने आसनगावला उतरली आणि शेअरच्या इको गाडीत कोंबली जाऊन भर दुपारी आमच्या दारात आली. टोमॅटोसारखी लाल झालेली. एक जण ओटीवर कोसळता कोसळता म्हणाला, "काका, किती टेंपरेचर असेल?" मी म्हटलं, "बेचाळीस तरी असेल." त्यावर पाचही जण एकमेकांकडे बघून पहिल्यांदा हसले. यीस्टमध्ये नवं जनुक घालायचं तर त्याला बरोबर ४२ अंशांचा झटका देतात म्हणे. त्या तापात पेशीचं कवच जरा ढिलं पडतं आणि बाहेरचं जनुक आत शिरतं. आमच्या अंगात दर मे महिन्यात काय काय शिरत असेल, देव जाणे.

ओटीवर तोवर वीस-बावीस माणसं जमली होती. निम्मी दिव्यासाठी. पोरांनी फॉर्म वाटले. पहिल्या दोन प्रश्नांत नाव आणि वय. तिसरा प्रश्न: आपण घरी किण्वनाची प्रक्रिया करता का?

कुणाला काही कळेना. "किण्वन?" "किन्हवली म्हणायचं असेल." मी पुढे सरसावलो. पाठ्यपुस्तकात यीस्टला किण्व म्हणतात आणि आंबवण्याला किण्वन, तेव्हा किन्हवली म्हणजे मुळात किण्ववलीच, असा एक शोध मी जागच्या जागी लावला. खरं तर गावाचं नाव किन्हईच्या झाडावरून पडलं असावं असं मलाच मनातून वाटतं. पण पाहुण्यांसमोर झाडापेक्षा शास्त्र बरं दिसतं. भाचीने ते लिहूनही घेतलं. माझा शोध आता कुठल्या अहवालात बसलाय, ते विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

"म्हणजे आंबवणं," भाची म्हणाली. "तुम्ही काही आंबवता का घरी?"

ओटीवर एकदम शांतता पसरली. पुरुषमंडळी छपराची कौलं मोजू लागली. आई म्हणाली, "इडलीचं पीठ आंबवते ना मी." भाची म्हणाली, "आजी, त्यात जिवाणूंचं काम जास्त असतं. आम्हाला यीस्टचं हवंय. साखरेची दारू होते ना, ते." आता तर दोघं-तिघं चपला शोधू लागले. शेवटी शेजारच्या नानांनी घसा खाकरला. "मोहाची फुलं पाण्यात भिजत ठेवली, की आपोआप फेस येतो. म्हणजे... असं ऐकलंय."

"करेक्ट!" तो लाल मुलगा ओरडला. "फुलांवर रानटी यीस्ट असतंच. ते फुलांतली साखर खातं. मग पुढे काय होतं, आजोबा?"

"पुढं पोलीस येतात," नाना म्हणाले.

माझं मत विचाराल तर यीस्टच्या इतिहासात नानांवर अन्याय झालाय. नानांचे पणजोबा फुलं भिजवत होते त्या काळात युरोपातले विद्वान हा फेस जिवंत आहे की मेलेला, यावर भांडत होते. १८३९ साली व्होलर आणि लीबिग या दोन नामांकित जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी 'जिवंत आहे' म्हणणाऱ्यांची टर उडवणारा एक निनावी लेख लिहिला. त्यात लिहिलं, की यीस्ट हा एक चिमुकला प्राणी असून तो साखर गिळतो, मागच्या वाटेने दारू सोडतो आणि पुढच्या वाटेने वायू. टिंगल म्हणून लिहिलं, आणि वाटांचा तपशील सोडला तर जवळजवळ खरंच निघालं. पुढे पाश्चरने यीस्ट जिवंत असल्याचा निकाल लावला. नानांना कुणी विचारलंच नव्हतं.

चौथ्या प्रश्नापासून मात्र गावानेच सूत्रं हातात घेतली.

"हे यीस्ट सुटलं आणि आमच्या शेतात आलं तर?" या प्रश्नाची पोरं वाटच बघत होती. प्रयोगशाळेतलं यीस्ट मुद्दाम अधू केलेलं असतं. युरासिल नावाची एक गोष्ट त्याला स्वतःची स्वतः बनवता येत नाही, आणि ती नाही तर जगता येत नाही. नवं जनुक देताना त्याच्या जोडीला युरासिल बनवायचं जनुकही देतात, आणि मग यीस्टला युरासिल नसलेल्या ताटलीत सोडतात. ज्याने जोडी घेतली ते जगलं, ज्याने नाही घेतली ते उपाशी मेलं. "म्हणजे रेशनकार्डासारखं," मागून कुणीतरी म्हणालं. पाचही जणांनी ते लिहून घेतलं. शिवाय असलं यीस्ट प्रयोगशाळेबाहेर न्यायलाच बंदी, त्यासाठी कॉलेजात कमिटी. कमिटी म्हटल्यावर लोकांना जरा धीर आला. कमिटी असली की काही सुटत नाही, हा गावाचा अनुभव.

आशाताई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. भाचीने त्यांना सांगितलं, की बाळ जन्मलं की आपण कावीळ-बची जी लस टोचतो ती यीस्टकडूनच बनवून घेतात, आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही ती तशीच बनवते. आशाताई चकित झाल्या. इतकी वर्षं बर्फाच्या डब्यातून आपण काय वाहतोय ते त्यांना पहिल्यांदा कळलं. त्या म्हणाल्या, "मग आता घाबरून काय करायचं? आपल्या अंगात कधीच आलंय ते."

त्यावर लाल मुलाने आणखी एक ठिणगी टाकली. २०१५ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये यीस्टची चारशेच्या वर अत्यावश्यक जनुकं एकेक करून काढली आणि त्या जागी माणसाची बसवून बघितली, तर जवळजवळ निम्म्या वेळा यीस्ट बिनतक्रार जगलं. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी माणसाचा आणि यीस्टचा पूर्वज एकच होता म्हणतात. थोडक्यात, आपली भावकी. भावकी म्हटल्यावर आमच्याकडे एकच प्रश्न निघतो, आणि तो नानांनी विचारला: "सातबाऱ्यावर नाव आहे का त्याचं?"

सगळी कृती सांगताना पोरगा एका ठिकाणी मात्र अडखळला. जनुक आत ढकलायला मदत म्हणून त्या मिश्रणात सामन माशाच्या रेतातला डीएनए घालतात. 'सामन माशाच्या' इथपर्यंत तो आला, आईकडे बघितलं आणि म्हणाला, "...अर्क." आई म्हणाली, "आम्ही सुकट घालतो."

दुपारी जेवणं झाली. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीचं कालवण, कैरीची चटणी. खाता खाता भाचीने सांगितलं, की २०११ साली याच स्पर्धेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या पोरांनी अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल, म्हणजे गाजरातलं कॅरोटीन, बनवणारं यीस्ट केलं आणि त्याचा पाव भाजला. घमघमाट सुटला. पण जनुक बदललेलं असल्यामुळे करणाऱ्यांपैकी एकानेही त्याचा तुकडा तोंडात घातला नाही. आईला फार वाईट वाटलं. "केलं आणि खाल्लं नाही?" असं तिने दोनदा विचारलं आणि आमच्या पोरांना आणखी एकेक भाकरी वाढली.

आता दिव्याचं. लोक हलायला तयार नव्हते. शेवटी भाचीने मोबाइल काढला. यीस्ट आणता येत नाही, पण फोटो आहे. काळ्या ताटलीत हिरवे ठिपके.

"शेवाळ धरलंय," नाना म्हणाले.

"नाही आजोबा, हे चमकतंय. म्हणजे त्याच्यावर निळा प्रकाश टाकला की ते हिरवं चमकतं."

"टाकला नाही तर?"

"नाही चमकत."

नानांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे उजेड दिसायला आधी उजेड पाडायला लागतो?"

"हो."

"आणि तो कशावर?"

"लाइटवर."

नेमकी त्याच वेळी लाइट गेली. पंखा घरघरत थांबला. काळोख नव्हता, दुपारचे चार वाजले होते, पण नाना काही न बोलता माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिले ती मी जन्मभर विसरणार नाही. मग उठले, चपला घातल्या आणि जाता जाता म्हणाले, "चांगला उजेड पाडलात." मला म्हणाले, पोरांना नव्हे.

उन्हं उतरल्यावर पोरं आईबरोबर शेतावर गेली. कोपऱ्यात काळे चौकोन बघून एका मुलीने विचारलं, "आजी, इथे आग लागली होती?"

"लागली नाय, लावली. राब भाजलाय." आईने बसून, हाताने माती उकरून दाखवली. खाली शेण, वर टहाळ नि पालापाचोळा, त्यावर गवत, वरून मातीचा थर. मग वारा बघून एका टोकाला आग लावायची, ती सावकाश धुमसत गेली पाहिजे. भडकली तर वरचं जळतं आणि खालचं राहतं. "जमिनीत तणाचं बी असतं ना बाय. ते जळलं की त्याच जागी भात पेरायचं. मग उगवेल ते आपलंच. नाय भाजलं तर कुठलं रोप आणि कुठलं तण, कळत नाय. आवणीला बायका वैतागतात."

पाचही जण स्तब्ध. मग ती मुलगी ओरडली, "ऑटोक्लेव्ह!" आई दचकली. त्यांच्याकडे एक भलामोठा कुकर असतो, त्यात १२१ अंशांवर पंधरा मिनिटं सगळं शिजवून आधीचे सगळे जीव मारतात, आणि मगच आपलं यीस्ट पेरतात. आई म्हणाली, "हां, मग तेच." हे लिहायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता. त्यांनी ते 'इतर सूचना'खाली लिहिलं आणि पान पुरलं नाही म्हणून मागच्या बाजूला.

जुलैत भर पावसात, आवणी चालू असताना भाचीचा फोन आला. आवाज रडवेला. ज्या ताटलीतल्या यीस्टला नवं जनुक दिलंच नव्हतं, जिच्यात काहीही उगवायला नको होतं, तिच्यातच भरघोस पीक आलं होतं. तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात. मॅडम म्हणतात काहीतरी शिरलंय, कुठून ते कळत नाही.

मी मोबाइल स्पीकरवर ठेवला. आई चिखलाचे पाय धूत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, पायावर आणखी एक तांब्या ओतला आणि म्हणाली, "राब नीट भाजला नाय गं तुम्ही."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग भाचीचा आवाज आला, बहुतेक मागे उभ्या असलेल्या कुणालातरी उद्देशून: "अरे, त्या दिवशी कुकरची वेळ कुणी लावली होती?"