पेटी घरी, गडी परांचीवर

तिसगावात कल्याण-विशाखापट्टणम महामार्गाच्या कडेला दुकानांवर मजले चढताहेत. परांची अस्सल देशी: आधीच्या तीन बांधकामांवर राबून आलेले बांबू, काथ्या आणि पाय ठेवायला सेंटरिंगची उरलेली फळी. कठडा नाही. कठडा दिला की गडी त्याला टेकून तंबाखू मळत बसतो, असं ठेकेदाराचं निरीक्षण आहे. शेजारी मढीच्या यात्रेत गाढव घेणारासुद्धा आधी दात बघतो. बांबूला दातच नाहीत, तर तपासणार काय? परांचीसाठी आयएस 3696 हे भारतीय मानक आहे, तेही जुनं. काथ्याला ते कुणी वाचून दाखवलेलं नाही.

सरकार मात्र गाफील नाही. बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर बसतो, तो बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो आणि मंडळाकडून पेटीभर सुरक्षा संच येतो. हेल्मेट, बूट, हातमोजे, उंचावरून पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टासुद्धा! शिवाय 30 नगांचा भांडी संच, कुकरसकट. जनतेने दोन्ही संच नीट पारखले आणि कौल कुकरला दिला. भांड्यांची गाडी आली की घमेल्याला कधी हात न लावलेले इतके गवंडी रांगेत दिसतात, की त्यांनी मनावर घेतलं तर आठवड्यात दुसरं तिसगाव उभं राहील. हेल्मेट पोलिसांच्या नाक्यापुरतं निघतं. पट्ट्याचं दावं होतं. म्हैस तरी सुरक्षित.

नोंदणीला मुख्य अट: वर्षात 90 दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला. जो खरंच वर चढतो तो आज तिसगावात, उद्या शेवगावला, परवा पाथर्डीत. त्याला दाखला देणार कोण? प्रत्येक ठेकेदार त्याला 'ते नवं पोरगं' म्हणूनच ओळखतो. त्यात 10 कामगार झाले की बांधकाम कामगारांचा कायदा लागू, हे 1996 पासून ठरलेलं. म्हणून हजेरीवहीत दहावा गडी येतच नाही. पडतो नेमका दहावाच.

ठाण्यात बाळकूमला सप्टेंबर 2023 मध्ये 40 मजली इमारतीची लिफ्ट कोसळून 7 कामगार गेले, तेव्हा निदान बातमी झाली. इथे दहा फुटांवरून खाली यायला सेकंदही लागत नाही आणि बातमी तेवढीही टिकत नाही. कामावर मृत्यू आला तर वारसाला 5 लाख मिळतात, पण नोंदणी असली तर. नसली तर चौकशी सुरू होते, फळीची नव्हे, पडलेल्याची: चक्कर आली असेल, रात्रीची उतरली नसेल, मोबाईलवर बोलत असेल.

मालक काळजीत पडतो. ठेकेदार धीर देतो, "तुम्ही निवांत राहा शेठ, सकाळी दुसरा गडी येतोय. स्लॅबची तारीख हलायची नाही."