कानपैलवान

पैलवान ओळखावा कानावरून. लढतीत घासून घासून कान चेपतात, भज्यासारखे फुगतात. आमच्या कानपैलवानाचेही कान लाल असतात, पण ते इयरफोनमुळे. अंगकाठी अशी, की सीटबेल्टला धरायला काही सापडत नाही.

गृहस्थ महाबळेश्वरात टॅक्सी चालवतो. जून ते सप्टेंबर धुकं, पाऊस आणि ओस पडलेला स्टँड. बाकीचे पत्ते कुटतात. हा काचा वर करून अमेरिकन कुस्तीच्या इतिहासाचे पॉडकास्ट ऐकतो. लहानपणी ट्रम्प कार्डांवरून अंडरटेकरची उंची पाठ केली होती, तोच अभ्यासक्रम पुढे चालू आहे. एकेक भाग तीन-तीन तासांचा. “इंग्रजी सगळं कळतं का रे?” म्हटलं तर म्हणतो, “निम्मं कळतं. कुस्ती तरी कुठं निम्म्यापेक्षा जास्त खरी असती?”

गिऱ्हाइकानं विचारावं, “आर्थर सीट किती लांब?” उत्तर १९०८ पासून सुरू. “शिकागोत फ्रँक गॉच आणि हॅकनश्मिट, दोन तास झोंबले. शेवटी हॅकनश्मिटच म्हणाला, बास!” क्षेत्र महाबळेश्वर येईस्तोवर १९८७ उजाडतं. “होगननं आंद्रे द जायंटला उचलून आपटला! ९३,१७३ माणूस होतं म्हणं. कुस्ती भरवणाऱ्या कंपनीचा आकडा हां, त्यावर अजून भांडणं चालूयत.” आंद्रेला आपटायला दोन्ही हात लागतात. ते स्टिअरिंगवरून सुटले, की मागच्या सीटवर रामरक्षा सुरू होते.

या विद्येनं त्याला दृष्टी मात्र दिली. तिकडे दुष्टाला म्हणतात हील, सज्जनाला बेबीफेस. पॉइंटवर हातातलं कणीस पळवणारं माकड हील. वेण्णा लेकवरचं गरीब घोडं बेबीफेस. आणि सगळं ठरवून चाललंय हे कुणी कबूल करायचं नाही, याला म्हणतात केफेब. मुंबई पॉइंटच्या वाटेवर धुक्यात बॉनेट दिसत नसताना पाहुणे विचारतात, “सूर्यास्त दिसेल ना?” हा छातीठोक सांगतो, “दिसणार की!” मग हळूच मला, “केफेब. त्यांनाबी ठावं असतंय, मलाबी.”

परवा पाचगणीला निघालो, तर पुढच्या सीटवर कराडकडचे एक आबा. कानपैलवानानं लगेच मोर्चा गावाकडे वळवला. “खाशाबा जाधव, गोळेश्वरचे! १९५२, हेलसिंकी, कुस्तीत कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून तिकडं जायला सात हजार दिलं. परत आले तवा वरातीला शंभरावर बैलगाड्या!”

“हे कुठं ऐकलंस?”

“पॉडकास्टला. अमेरिकेचा माणूस सांगत होता.”

आबा बाहेर बघत म्हणाले, “त्यातल्या एका गाडीत मी होतो. बापाच्या मांडीवर. दुसऱ्या दिवशी तालमीत जायला हट्ट धरला.”

गाडीत शांतता. कानपैलवानानं इयरफोन काढून खिशात ठेवले. हे मी पहिल्यांदाच पाहिलं. बराच वेळ गेल्यावर त्यानं चाचरत विचारलं, “आबा, खरं का... केफेब?”

आबांनी टोपी जरा मागं सारली आणि कान पुढं केला. चेपलेला, भज्यासारखा.

“लाव हात.”

त्यानं हात लावला. मग दुसरा कान बघायला दुसराही हात लावला. घाटात होतो, पण या वेळी रामरक्षा कुणी म्हटली नाही.