मॅटॅडोरचे कुळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कुळ विचारू नये, असे जुनी माणसे सांगून गेली. मॅटॅडोर या व्हॅनचे नाव त्यांना त्या यादीत घालता आले नाही, कारण ती आकुर्डीच्या कारखान्यातून निघायला 1969 साल उजाडले आणि तोवर म्हणी पाडण्याचा धंदा बसला होता. त्याचे परिणाम आपण आता भोगतो आहोत. जुन्या व्हॅनमध्ये गादी, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून देश पाहायला निघायचे, ही हौस आपल्याकडेही आली आहे. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणसुद्धा काढले. हौसेला मोल नसते, हे ठीकच. पण या हौसेबरोबर एक सोवळेही आले आहे. गाडी जुनी हवी आणि तिचा नट न नट ओरिजनल हवा! फोक्सवॅगनची ती गोंडस दुरंगी बस आपल्याकडे मिळणे जवळपास अशक्य, तेव्हा जामनेर तालुक्यातला हौशी माणूस शेवटी कुणाच्या तरी गोठ्यामागे उभ्या असलेल्या मॅटॅडोरपाशीच येऊन थांबणार. तिथे त्याने चपलांबरोबर हे सोवळेही बाहेर काढून ठेवावे, असे माझे म्हणणे आहे. जिचा वंशच उसनवारीवर वाढला, त्या गाडीला जामनेरच्या लेथवर कातलेला बुश बसवणे हे तिच्या घराण्याच्या रीतीला धरूनच होईल.

घराणे पाहायचेच तर नीट पाहू. सोवळ्यातल्या मंडळींचे कुलदैवत म्हणजे फोक्सवॅगन टाइप टू, तीच ती दुरंगी बस. महायुद्ध संपल्यावर वोल्फ्सबुर्गचा कारखाना ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखाली होता. आवारात सामान हलवायला वाहने पुरेनात, म्हणून बीटल मोटारीच्या सांगाड्यावर सपाट फळा ठोकून एक चालता-फिरता ठेला तयार करण्यात आला. बेन पोन नावाच्या डच विक्रेत्याने तो पाहिला, 1947 मध्ये वहीत चार रेघा ओढल्या आणि 1950 पासून त्या रेघांची बस होऊन बाहेर पडू लागली. म्हणजे जिच्यापुढे जग हात जोडते, ती मुळात एका जुगाडाची सुधारलेली आवृत्ती आहे. आता धाकटी पाती. हँबुर्गच्या हारबुर्ग भागात विडाल कंपनीने 1949 मध्ये टेम्पो मॅटॅडोर काढली आणि तिच्यात इंजिन घातले ते चक्क फोक्सवॅगनचे. पुढे फोक्सवॅगनची स्वतःची व्हॅन बाजारात आली आणि तिने भाऊबंदकीला जागून इंजिने देणे बंद केले. विडालने मग इंग्रजांच्या ऑस्टिनचे इंजिन आणले. त्यानंतर विडालला हानोमागने गिळले आणि हानोमागच्या गाड्या डाइमलर-बेंझच्या पोटात गेल्या. इकडे नवलमल फिरोदियांच्या बजाज टेम्पोने 1958 मध्ये विडालच्या परवान्यावर तीनचाकी सुरू केली, तिच्या मागून मॅटॅडोर आली, आणि अखेर तिच्या छातीत मर्सिडीजचे 2.4 लिटरचे ओएम 616 हे डिझेल इंजिन धडधडू लागले. कंपनीचे नावसुद्धा आज फोर्स मोटर्स आहे. लग्नाच्या बैठकीत अशी वंशावळ कुणी सांगितली असती तर पोहे येण्याआधीच पाहुणे उठले असते. आणि आपण तिच्याच बॉनेटपाशी वाकून विचारतो, ‘इंजिन ओरिजनल आहे ना?’

आता हे ओरिजनल पार्ट मिळतात कुठे, ते पाहू. कुर्ल्याचे भंगार, पुण्याचा जुना बाजार, दिल्लीचे काश्मिरी गेट, ही या भक्तांची तीर्थक्षेत्रे. तिथल्या दुकानदाराला माल कधीचा, यापेक्षा गिऱ्हाईक किती लांबून आले आहे, यात रस असतो. खोक्यावर छापील शिक्का असला की माल कंपनीचा. शिक्का ओला असला तरी. परदेशातही चित्र फार वेगळे नाही. फोक्सवॅगनच्या बसची जर्मनीतली जुनी पिढी संपल्यावरही ब्राझीलमध्ये ती 2013 च्या डिसेंबरपर्यंत बनत होती, आणि दारांचे पत्रे, रबरे, बंपर आजही नव्याने पाडून विकले जातात. म्हणजे हजारो रुपये टपालखर्च आणि वर सीमाशुल्क भरून जे घरी येते, ते बहुतेकदा गेल्या वर्षी जन्मलेले जुने असते. त्यापेक्षा गावचा मिस्तरी जे दोन शब्द उच्चारतो ते मला अधिक प्रामाणिक वाटतात: ‘जीपचं बसतं.’ या वाक्यात नक्कल नाही, फसवणूक नाही. माप घेतलेले आहे, जरा घासावे लागेल याची कबुली आहे आणि संध्याकाळपर्यंत गाडी सुरू होण्याची शक्यताही आहे. शिवाय ओरिजनल वस्तू ज्या हवेसाठी बनली ती हवाही ओरिजनल लागते. फोक्सवॅगनचे ते प्रसिद्ध इंजिन पाण्याविना, नुसत्या वाऱ्यावर थंड होते. मे महिन्यात आपल्या जळगाव जिल्ह्यात पारा 45 च्या पुढे जातो. त्या वाऱ्याने थंड व्हायला इंजिन स्थितप्रज्ञ असावे लागेल.

आतल्या सजावटीचेही तेच. वेस्टफालिया या जर्मन कंपनीने 1951 पासून फोक्सवॅगनच्या बसमध्ये घडीचे टेबल, कपाटे आणि चौकड्याचे पडदे बसवून दिले, आणि आता त्या पडद्यांचा हुबेहूब चौकडा शोधण्यात माणसे वर्षे घालवतात. पण मॅटॅडोरमध्ये राहण्याची विद्या खान्देशाला कुणी शिकवायला नको. चैत्रात सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेली मंडळी असोत की कोथळीहून पंढरपूरला जाणारी मुक्ताबाईंची पालखी, चालणाऱ्यांमागे शेगडी, पातेली, पिठाची पोती आणि अंथरुणे घेऊन जाणारी गाडी असतेच. मॅटॅडोरची पुढची चाके ओढतात, मागे जाणारा लांब दांडा नाही, त्यामुळे तिचा तळ खाली आणि सपाट. त्यावर जळगावची प्लॅस्टिकची चटई अंथरली की सजावट पूर्ण. पाण्यासाठी पीव्हीसीचा पाइप, तोही जळगावचाच. भरिताच्या वांग्याला कोणत्या देशाची शेगडी लागते असा प्रश्न अजून तरी कुणी काढलेला नाही.

केंद्र सरकारने मात्र ओरिजनलवाल्यांची बाजू घेतली आहे, आणि तीच माझ्या बाजूची सर्वांत भक्कम साक्ष आहे. 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे पूर्ण झालेली, खासगी वापराची, सांगाडा-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे, आणि पाटीवर व्हीए ही खास अक्षरे. इतके सगळे जमवल्यावर ती रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येते. ज्याने जुनी मॅटॅडोर पाहिली आहे त्याला यातली शेवटची दोन कारणे तिच्या आयुष्यभराला पुरतील हे कळेल. पण अजिंठ्याला मुक्कामी जाण्याचा बेत त्यात बसवायचा तर संशोधन हेच कारण द्यावे लागेल. अर्थात बहुतेक मॅटॅडोर मालवाहू म्हणूनच नोंदलेल्या, त्यामुळे हा मान त्यांच्या वाट्याला येणे तसेही कठीण.

यावर पहिला आक्षेप येईल तो सुरक्षिततेचा. जुगाडाच्या ब्रेकवर कसारा उतरणार का? मुळीच नाही, आणि इथे मी वाद घालणार नाही. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, वायरिंग आणि गॅसची नळी यांत ‘जीपचं बसतं’ चालत नाही. ते मापाचे, नवे आणि जाणकाराने बसवलेलेच हवे. पण हा आक्षेप ओरिजनलच्या बाजूने नाही. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये सर्रास अ‍ॅस्बेस्टॉस असे; तसला अस्सल माल बंद खोक्यात, साक्षीपुराव्यासह सापडला तरी तो हातात घेऊ नये. सुरक्षिततेला नवे लागते, भक्ताला जुने. दोघांची मैत्री आपण समजतो तितकी नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. सगळेच बदलत गेले तर इतिहास उरेल कशात? मान्य, काही नग जसेच्या तसे राहिले पाहिजेत, आणि त्यासाठी नगरच्या रणगाडा संग्रहालयासारख्या जागा आहेत. पण तिथल्या रणगाड्याला वणीच्या गडावर जायचे नसते. जिला जायचे असते तिचे उदाहरण नेरळ-माथेरानची गाडी. 1907 पासूनची, वाफेचे इंजिन गेले, डिझेल आले, डबे बदलले, आणि तरी ती तीच गाडी आहे याबद्दल रुळावर लोळणाऱ्या माकडालाही शंका नाही. उलट आपली पाचोरा-जामनेर ‘पीजे’ घ्या. 762 मिलिमीटरचे रूळ शेवटपर्यंत तेच राहिले. भुसावळसारखे रेल्वेचे माहेरघर शेजारी, पण तिथल्या मोठ्या लाइनीचे एक चाक इथे बसणे शक्य नव्हते. शेंदुर्णी-पहूरच्या प्रवाशांचे तिच्यावर प्रेम होते, ते खरेच होते. तरी 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली ती पुन्हा सुटली नाही, आणि आता तिच्या जागी रुंद रूळ यायचे आहेत. जिला शेजारच्याचे काही बसत नाही, तिचे म्हातारपण अवघड जाते.

राहिला पैशाचा आक्षेप. तेवीस खिडक्यांची जुनी फोक्सवॅगन बस अमेरिकेत लिलावात दोन लाख डॉलरच्या वर गेली आहे, आणि ओरिजनलला भाव असतो हे खोटे नाही. पण तो भाव विकणाऱ्याला असतो. ज्याला गाडीत झोपायचे आहे त्याने तेवीस खिडक्यांना पडदे किती लागतील याचा आधी विचार करावा. मॅटॅडोरचे म्हणाल तर तिच्यात एकच गोष्ट ओरिजनल असल्याखेरीज गत्यंतर नाही: सांगाड्यावर ठोकलेला चेसिस नंबर. एमएच 19 च्या, म्हणजे जळगावच्या आरटीओ कार्यालयात त्यावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि छाप आरसी बुकाशी ताडून पाहतात. तिथे मर्सिडीजशी असलेले नाते सांगून उपयोग होत नाही.